कुत्र्याच्या ताज्या जेवणाचं सबस्क्रिप्शन: पैसे वसूल होतात का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्या-मुंबईत शिजवलेलं ताजं डॉग फूड महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर घरपोच मिळायला लागलं तेव्हापासून "घेऊ का?" हा प्रश्न सारखा येतोय, म्हणून तेच तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. सुरुवातीला साधे आहेत, खाली जाल तसे अडचणीचे. माझं मत आधीच सांगते: बहुतेक धडधाकट, मोठ्या कुत्र्यांना पूर्ण सबस्क्रिप्शनची गरज नसते, पण काही कुत्र्यांना ते खरंच उपयोगी पडतं. तुमचं कुत्रं कुठल्या गटात बसतं ते ठरवता यावं एवढ्यासाठी हे सगळं लिहिलंय. किमती सगळ्या उदाहरणादाखल आहेत, तुमच्या पाकिटावरचा आकडा टाकून गणित परत करा.

१. फ्रेश डॉग फूड म्हणजे नक्की काय? घरी चिकन-भात शिजवतो तेच ना?

दिसायला तसंच, पण चांगल्या कंपनीच्या डब्यात मांस-भात-भाज्यांबरोबर व्हिटॅमिन आणि खनिजांचं मिश्रण मोजून घातलेलं असतं, घरच्या भांड्यात ते नसतं (७ बघा). बाजारात "फ्रेश" नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक शिजवून फ्रोझन केलेलं, जे फ्रीझरमध्येच ठेवावं लागतं. दुसरं पाउचमध्ये सीलबंद करून उच्च तापमानाला शिजवलेलं, आपल्या रेडी-टू-ईट भाज्यांसारखं, हे न उघडता बाहेर टिकतं. तिसरं कच्चं, त्याबद्दल १३ मध्ये. ऑर्डर करण्याआधी यातलं कुठलं आहे ते विचारून घ्या कारण साठवण, डिलिव्हरी, किंमत सगळं त्यावर ठरतं.

२. महाग आहे हे दिसतंय, पण ड्राय फूडपेक्षा नक्की किती महाग? किलोचा भाव तर दोन्हीचा जवळपास सारखाच दिसतो.

किलोच्या भावाने तुलना करू नका, इथेच सगळे फसतात. ड्राय फूडमध्ये पाणी साधारण १० टक्के, ताज्या जेवणात ७० ते ७५ टक्के, म्हणजे किलोभर डब्यात पाऊण किलोच्या आसपास पाणीच असतं. तुलना करायची ती कॅलरीची. ड्राय फूडच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी, ताज्यात १३० च्या आसपास, दोन्ही आकडे पाकिटावर असायला हवेत आणि नसले तर कंपनीला मेल करून मागवा.

आता कुत्र्याला किती लागतात ते काढू. साध्या कॅल्क्युलेटरवर होतं: वजनाला वजनाने दोनदा गुणा, मग दोनदा वर्गमूळ काढा, मग ७० ने गुणा. २५ किलोची लॅब (लॅब्रेडॉर) घेतली तर २५ × २५ × २५ = १५,६२५, एकदा वर्गमूळ १२५, परत वर्गमूळ ११.१८, गुणिले ७० म्हणजे साधारण ७८०. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, फ्लॅटमध्ये राहून दोन वेळा फिरायला जाणाऱ्या कुत्र्यासाठी याला १.४ ने गुणून सुरुवात करा (पुस्तकात १.६ देतात पण घरातली बरीच कुत्री त्यावर जाड होतात). आले ११०० कॅलरी रोजच्या.

समजा ड्राय फूड ३०० रुपये किलो आहे, तर रोज ३१४ ग्रॅम, महिन्याला २,८०० च्या आसपास. चांगलं महागातलं ७०० रुपये किलोचं घेतलं तर ६,६००. आणि ताजं जेवण ६०० रुपये किलो, म्हणजे वरच्यापेक्षा स्वस्त दिसतंय, पण ते रोज ८५० ग्रॅम लागणार आणि महिन्याचं बिल होणार १५,००० च्या वर. महागड्या ड्राय फूडशी तुलना केली तरी वर्षाला लाखभर रुपयांचा फरक पडतो.

३. आमचं पॉम (पॉमेरेनियन) आहे, सहा किलोचं. आमच्यासाठीपण एवढंच महाग?

नाही, आणि म्हणूनच एकाच्या अनुभवावर दुसऱ्याने ठरवू नये. वरचंच गणित सहा किलोला केलं तर रोजच्या ३७५ कॅलरी येतात, म्हणजे ताजं जेवण २९० ग्रॅमच्या आसपास, महिन्याला ५,२०० रुपये, आणि ७०० वालं ड्राय फूड २,२५० ला. फरक तीन हजारांचा. शिह त्झू, पॉम, पग वगैरे पाळणाऱ्या आणि स्वयंपाकाला वेळ नसलेल्या लोकांना हा खर्च पटू शकतो, त्यात काही वावगं नाही.

४. डब्यावर प्रोटीन १० टक्केच लिहिलंय, आमच्या पेडिग्रीवर २० च्या वर असतं. मग हे कमी पौष्टिक नाही का?

पाण्यामुळे तसं दिसतं. पाणी वजा करून मोजा. ओलावा ७२ टक्के असेल तर घन भाग उरला २८, त्यात प्रोटीन १०, म्हणजे १० भागिले २८, जवळपास ३६ टक्के. ड्राय फूडमध्ये २४ टक्के प्रोटीन आणि १० टक्के ओलावा असेल तर २४ भागिले ९० म्हणजे २७ टक्के. फॅटचंही असंच करा आणि ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण डब्यावर "फॅट ७ टक्के" किरकोळ वाटतं आणि पाणी काढल्यावर ते २५ टक्के निघतं. लठ्ठ कुत्र्याला किंवा स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलेल्याला ते झेपणारं नाही.

५. ताजं खाल्लं की कुत्रं जास्त जगतं म्हणतात, खरंय का?

जाहिरातीत हे सगळ्यात जास्त विकलं जातं आणि त्याचाच आधार सगळ्यात कच्चा आहे. आयुष्य वाढण्याबद्दल जो भक्कम अभ्यास आहे तो प्रमाणाबद्दलचा आहे. ४८ लॅब्रेडॉर पिल्लू असल्यापासून म्हातारपणापर्यंत पाहिले, जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, आणि कमी खाणाऱ्यांचं आयुर्मान (मध्यक) १३ वर्षं निघालं तर दुसऱ्यांचं ११.२. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. अभ्यास प्युरिना कंपनीचा होता आणि दोन्ही गटांना खाणं तेच होतं, फक्त प्रमाण वेगळं. म्हणजे जवळपास दोन वर्षांचा फरक वाटीच्या मापाने पडला!

तेव्हा आधी हे बघा. मूठ आवळून बोटांच्या मागच्या सांध्यांवरून दुसरा हात फिरवा, मग तो हात उघडा करून हाताच्याच पाठीवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला उघड्या हाताच्या पाठीसारख्या, पातळ कातडीखाली लगेच लागायला हव्यात. दाबून शोधाव्या लागत असतील तर कुठलंही महागडं सबस्क्रिप्शन घेण्याआधी किचनमधला वजनकाटा काढा आणि आज जे देताय ते मोजून द्या.

ताज्या जेवणाच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगण्यासारखं म्हणजे ते पचायला चांगलं असतं. इलिनॉय विद्यापीठात बीगलवर झालेल्या आणि २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात असं जेवण खाणाऱ्यांची शी ड्राय फूडवाल्यांपेक्षा बरीच कमी भरली. फायदा खराच आहे, पण तो आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही.

६. पाकिटावर नेमकं काय वाचायचं? ह्यूमन ग्रेड लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार ना?

ह्यूमन ग्रेड (माणसांनी खाण्यालायक) हे कच्च्या मालाबद्दल आणि तो कसा हाताळला त्याबद्दल सांगतं, जेवण संतुलित आहे का ते सांगत नाही. आपणसुद्धा उत्तम प्रतीचा नुसता भात महिनाभर खाल्ला तर आजारी पडू. शोधायचं वाक्य म्हणजे "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड", म्हणजे पूर्ण आहार, आणि ते कोणत्या मापदंडाप्रमाणे (अमेरिकेतली संस्था आफको, AAFCO, किंवा युरोपातली फेडियाफ, FEDIAF) आणि कोणत्या वयासाठी. आफको कुणाला सर्टिफिकेट देत नाही, ते फक्त मापदंड ठरवतं, त्यामुळे "आफको अप्रूव्हड" असं कुणी लिहिलं असेल तर तिथेच सावध व्हा.

मग कंपनीला मेल करा. रेसिपी कुणी बनवली, त्या माणसाचं प्राण्यांच्या पोषणशास्त्रातलं शिक्षण काय? तयार जेवणाची प्रयोगशाळेत तपासणी होते का आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे आकडे देता का? १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती? ज्यांना हे येतं ते दोन दिवसांत आकड्यांसकट उत्तर देतात, आणि ज्यांच्याकडून "प्रेमाने बनवलेलं, नैसर्गिक, आजीच्या रेसिपीने" एवढंच येतं त्यांचं जेवण रोजचं म्हणून मी कुणालाही सुचवणार नाही. "कॉम्प्लिमेंटरी" किंवा "टॉपर" लिहिलं असेल तर ते पूर्ण जेवण नाही, मग ८ बघा.

७. एवढे पैसे देण्यापेक्षा घरीच चिकन-भात-भोपळा करून घातलं तर?

करता येतं, आणि खर्चात ते बहुतेक वेळा सबस्क्रिप्शनपेक्षा बरंच कमी पडतं. पण नुसतं चिकन-भात-भोपळा हे रोजचं जेवण होत नाही, मग त्यात हळद घाला की दही. बोनलेस चिकन आणि भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, मग शरीर ते हाडांतून काढून घेतं. झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन डी हेही कमी पडतं. "रोज गॅलरीत उन्हात बसतो की" असं बरेच जण म्हणतात, पण कुत्र्याच्या कातडीत आपल्यासारखं पुरेसं व्हिटॅमिन डी तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड कॅल्शियमची उणीव भरते, बाकीच्यांची नाही. कलेजी चांगली पण थोडीच, रोज वाटीभर दिली तर व्हिटॅमिन ए जास्त होतं.

आणि हे फक्त आपल्याकडच्या घरगुती रेसिप्यांचं नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने पुस्तकांतल्या आणि वेबसाइटवरच्या २०० घरगुती रेसिप्या तपासल्या, २०१३ मध्ये ते आलं, आणि ९५ टक्के रेसिप्यांत किमान एक आवश्यक घटक कमी होता, त्यातल्या कित्येक प्राण्यांच्या डॉक्टरांनीच लिहिलेल्या होत्या. त्यामुळे घरी करायचं तर प्राण्यांच्या पोषणतज्ज्ञाकडून तुमच्या कुत्र्यासाठी एकदा रेसिपी आणि सप्लिमेंट लिहून घ्या, ती फी एकदाच जाते, आणि मग रेसिपीत मनाने बदल करू नका. ज्याच्या घरी रविवारी दोन तास देणारं कुणीतरी आहे त्याच्यासाठी मला हाच मार्ग सगळ्यात चांगला वाटतो.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं कुठल्याच मार्गात नाहीत, हे माहीत असेलच पण आपल्या रश्श्यातलं चिकन धुऊन घालणारे अजून आहेत म्हणून लिहिलं.

८. पूर्ण नको, ड्राय फूडवर थोडं ताजं घातलं तर चालेल? की दोन्ही एकत्र पचत नाही?

चालतं, मस्त चालतं, एकत्र पचत नाही ही समजूत निराधार आहे. फक्त जेवढ्या कॅलरी ताज्याच्या वाढवल्या तेवढ्या ड्राय फूडच्या कमी करा, वरून वाढवत गेलात तर सहा महिन्यांत कुत्रं गोल होतं. ताजं "पूर्ण आहार" असेल तर कितीही प्रमाणात मिसळा. नसेल तर, किंवा घरचं उकडलेलं चिकन-अंडं असेल तर दिवसाच्या १० टक्के कॅलरीपर्यंतच, आणि त्या १० मध्ये बिस्किटं आणि चघळायच्या काड्यासुद्धा आल्या. वरच्या लॅबला पाव हिस्सा ताजं दिलं तर त्याचे महिन्याला ३,८०० रुपये जातात आणि ड्राय फूडचं बिल पाव हिस्सा कमी होतं. "काहीतरी चांगलं द्यायचंय पण १५ हजार नाहीत" अशा घरांना मी हेच सांगते.

९. आमचा ड्राय फूडला तोंडच लावत नाही, चिकन दिसलं की धावतो. म्हणजे त्याला ताजंच लागणार ना?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. पूर्वी नीट खाणारं कुत्रं अचानक खायचं थांबलं असेल तर हा जेवणाचा प्रश्न नाही, डॉक्टरकडे न्या. विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड तापात भूक जाते, हिरड्या फिकट पडतात, प्लेटलेट्स खाली येतात, आणि तेव्हा नवनवीन डबे मागवून बघण्यात दिवस गेले तर महागात पडतं.

पण वजन ठीक, खेळणं ठीक, आणि फक्त ड्राय फूडला नाक मुरडतोय, तर बहुतेक वेळा दिवसभर चपाती, खारी, बिस्किटं मिळत असतात आणि थोडं थांबलं की चिकन येतं हे त्याला कळलेलं असतं. बाउल २० मिनिटं ठेवा, मग उचला, पुढच्या वेळेपर्यंत काही नाही. घरातल्या आजी-आजोबांना यात सामील करून घेणं हेच खरं अवघड काम. (पिल्लांना आणि डायबेटिक कुत्र्यांना असं उपाशी ठेवू नका.)

खरंच उपयोग होतो तो म्हाताऱ्या कुत्र्यांना, ज्यांची वास घ्यायची ताकद आणि दात दोन्ही गेलेत. त्यांना कोमट केलेलं ओलं जेवण जातं आणि तिथे सबस्क्रिप्शनचे पैसे वसूल होतात.

१०. खूप खाजवतो, पायाचे पंजे चाटत बसतो. ताजं सुरू केलं तर ऍलर्जी जाईल?

जेवण ताजं असल्यामुळे नाही जाणार. खाण्याची ऍलर्जी असलीच तर ती बहुतेक वेळा चिकन, बीफ, दूध अशा प्रोटीनची असते, आणि ताज्या डब्यांतही चिकनच जास्त असतं. शिवाय खाजेमागे पिसवा, गोचीड, हवेतली धूळ-परागकण हीच कारणं जास्त सापडतात. अन्नाचीच आहे का ते ठरवायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठेक आठवडे एकच नवीन प्रोटीन किंवा हायड्रोलाइज्ड (प्रोटीनचे बारीक तुकडे केलेला) आहार द्यायचा, दुसरं काहीही नाही, मग जुनं परत देऊन खाज परत येते का बघायचं. दर दोन आठवड्यांनी फ्लेवर बदलणारं सबस्क्रिप्शन या तपासणीचं वाटोळं करतं.

११. किडनीचा त्रास निघालाय. कंपनी म्हणते आमचं जेवण किडनीला सुरक्षित आहे.

किडनीच्या आजारात मुख्य मुद्दा फॉस्फरस कमी ठेवण्याचा असतो, आणि मांसाने भरलेल्या साध्या ताज्या डब्यात तो जास्तच असतो. "सुरक्षित" या शब्दाऐवजी १०० कॅलरीमागे फॉस्फरस किती हा आकडा घ्या आणि रिपोर्टसकट तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मुतखडा, स्वादुपिंडाची सूज आणि डायबेटिसमध्येही जेवण असंच डॉक्टरांना दाखवून ठरवा. उलट, डॉक्टरांनी दिलेलं औषधी ड्राय फूड कुत्रं खातच नसेल तर पोषणतज्ज्ञाने त्याच आजारासाठी बनवलेलं ताजं जेवण हा चांगला पर्याय आहे, आणि मी पैसे इथे खर्च करायला लगेच हो म्हणेन.

१२. पिल्लू आहे, तीन महिन्यांचं लॅब. आत्तापासूनच ताजं सुरू करू?

"ग्रोथ" किंवा "ऑल लाइफ स्टेजेस" आणि त्यातही "मोठ्या जातींच्या वाढीसाठी" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांच्या पिल्लांना कॅल्शियम कमी पडलं तरी हाडं वाकतात आणि जास्त झालं तरी सांधे बिघडतात, आणि पिल्लं जादाचं कॅल्शियम शोषून घेणं मोठ्या कुत्र्यांसारखं थांबवू शकत नाहीत. म्हणून पूर्ण आहारावर वरून कॅल्शियमचं सिरप नको. या वयात घरच्या प्रयोगांपेक्षा चांगल्या कंपनीचं लार्ज ब्रीड पपी फूड हा मला जास्त भरवशाचा मार्ग वाटतो.

१३. कच्चं मांस जास्त नैसर्गिक नाही का?

कच्च्यात साल्मोनेला, ई. कोलाय असे जंतू असू शकतात, फ्रीझ केल्याने ते मरत नाहीत, आणि धडधाकट दिसणारं कुत्रंही ते शी आणि लाळेतून घरभर पसरवतं. घरात लहान मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा केमो चालू असलेलं कुणी असेल तर अजिबात नको. बाकीच्यांनाही मी शिजवलेलंच घ्या म्हणेन.

१४. ग्रेन-फ्री प्लॅन घ्यावा का? कुत्र्याला भात-गहू पचत नाही म्हणतात.

पचतं. २०१३ च्या नेचरमधल्या संशोधनात दिसलं की माणसाबरोबर राहता राहता कुत्र्यांमध्ये पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्यात. उलट २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या, मुख्यतः ग्रेन-फ्री खाण्याचा हृदयाच्या डीसीएम (हृदय मोठं आणि कमकुवत होणं) या आजाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. कारण पक्कं ठरलेलं नाही, पण धान्य टाळण्यासाठी जास्त पैसे मोजायला काही आधारही नाही.

१५. आम्ही शाकाहारी आहोत, घरात चिकन शिजवणं शक्य नाही.

मग सबस्क्रिप्शनचा हा एक खरा फायदा आहे, सीलबंद पाउच उघडायचं, वाढायचं, बस. तेवढंही नको असेल तर कुत्रं शाकाहारी जगू शकतं, पण आहार तज्ज्ञाने बसवलेला हवा. दूध-भाकरी आणि दही-भात हा तो आहार नाही. मांजरीला मात्र हे बिलकुल लागू नाही.

१६. फ्रोझन डबे ठेवायचे कुठे? आणि लाइट गेली तर?

हा प्रश्न लोक पैसे भरल्यावर विचारतात. वरच्या लॅबला महिन्याला २५ किलो जेवण लागतं, घरच्या फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ते मटार आणि आइस्क्रीमशेजारी मावत नाही, त्यामुळे आठवड्याची डिलिव्हरी मिळते का आणि तिचा चार्ज किती ते आधी बघा. उद्याचं जेवण आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा, वितळलेलं तीन-चार दिवसांत संपवा, परत फ्रीझ करू नका. डिलिव्हरीला पाकीट दाबून बघा: दगडासारखं लागलं तर ठीक, पूर्ण मऊ आणि कोमट असेल तर फोटो काढून परत करा. लाइट गेली तर फ्रीझर उघडू नका, गच्च भरलेला फ्रीझर दिवसभर तग धरतो. जिथे तासन्‌तास लाइट जाते किंवा जिथे फ्रोझन डिलिव्हरी पोचतच नाही, तिथे बाहेर टिकणारे पाउच घ्या.

१७. ट्रायल पॅक घेतला, पहिल्याच दिवशी जुलाब. बंद करू?

एकदम बदललंत म्हणून झालं असेल. सात ते दहा दिवस घ्या, पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवीन, मग अर्धं, मग पाऊण. रक्त, सारख्या उलट्या किंवा मलूलपणा असेल तर लगेच डॉक्टर. नीट बदलल्यावर शी कमी आणि घट्ट होणं, पाणी कमी पिणं हे नॉर्मल आहे कारण जेवणातच पाणी आहे. दात मात्र ब्रशनेच घासावे लागतात, ड्राय फूडने ते साफ होतात हा समजही चुकीचाच आहे.

दीडएक महिना देऊन बघायचं असेल तर सुरुवातीला वजन, शीचा पोत, खाज आणि कातडी लिहून ठेवा आणि शेवटी परत लिहा. फरक कागदावर दिसत नसेल तर वर्षाला लाख रुपये कशासाठी जातायत ते घरात बसून बोला. त्यातल्या थोड्या पैशांत वर्षाची रक्ततपासणी, लसी, गोचिडाची गोळी आणि दातांची सफाई होते, आणि ती राहिली असेल तर माझ्या मते आधी ती.

१८. बंद करायचंय पण पैसे आपोआप कटतायत. काय करू?

ॲपमध्ये "पॉज" आणि "कॅन्सल" वेगळे असतात, पॉज केलं की काही दिवसांनी परत सुरू होतं, म्हणून कॅन्सलच दाबा आणि स्क्रीनशॉट ठेवा. ते सापडत नसेल तर यूपीआय ऑटोपे तुमच्या यूपीआय ॲपमधूनच रद्द होतं, कंपनीच्या परवानगीची गरज नाही. कार्डावर असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये ई-मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यायलाच हवा, तो आला की त्याच दिवशी रद्द करा. आणि वार्षिक प्लॅनवर २० टक्के सूट मिळतेय म्हणून सुरुवातीलाच वर्षाचे पैसे भरू नका, १७ मधलं टिपण पूर्ण होईपर्यंत तरी महिन्याचाच प्लॅन ठेवा.